मखमलाबादच्या मळ्यातलं बाळंतपण

नाशिक,
९ जुलै २०००

ती. सगुणाक्काच्या पायी धाकट्या प्रतिभाचा नमस्कार.

तुझा गुडघा, भाऊजींचा खोकला आणि चाळीत साठवलेला कांदा हे तिघंही पावसाळ्यात कुरकुरतात, तेव्हा तिघांची खुशाली एकदमच विचारते. गुडघ्याला तू कसलासा पाला बांधतेस असं नामपूरहून आलेल्या माणसाकडून कळलं. बांध, पण पाला बांधून जिने चढू नकोस. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, नर्स म्हणून सांगते. (कागदावर मी 'रुग्णसहायिका' आहे, पण पेशंट सिस्टर म्हणतात आणि त्यांना दुरुस्त करण्याइतका वेळ नसतो.)

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस की पन्नाशीला हे काय खूळ, आणि बी. ए. झालेल्या बाईनं लोकांची शौचाची भांडी काढावीत का. तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देते. पाटबंधारे खात्यात चोवीस वर्षं टंकलेखन केलं. मग संगणक आला, साहेबांनी माझं मशीन कपाटावर ठेवलं आणि मला दोन पर्याय दिले: आवक-जावक विभागात बसा किंवा स्वेच्छेनं निवृत्त व्हा. त्या विभागात मी एक आठवडा बसले. तिथे माणूस कशालाच लागत नाही. मला कुणाला तरी लागायचं होतं, एवढीच गोष्ट. वर्षभराच्या अभ्यासक्रमाला माझ्या वर्गात सगळ्या एकोणीस वर्षांच्या मुली. त्या मला पहिले दोन महिने बाई समजून उभ्या राहायच्या, आणि शिकवणाऱ्या बाईही उभ्या राहायच्या, त्यामुळे बसायचं कुणी हा प्रश्न रोज पडे. असो. परीक्षा पहिल्या वर्गात झाले, सहा महिने एका दवाखान्यात काढले, आणि मे महिन्यात सेवा केंद्रानं घरी जाऊन सेवा करण्याची माझी पहिली स्वतंत्र केस दिली. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मखमलाबादला, फुलशेतीवाल्यांचा मळा. त्या केसबद्दलच लिहायचं आहे. तू भित्री आहेस, म्हणून दिवसा वाच.

पहिल्या दिवशी पांढरी साडी नेसून रिक्षात बसले तर रिक्षावाल्यानं पत्ता ऐकून विचारलं, 'त्यांच्याकडं परत कोणी गेलं का?' मी म्हटलं, गेलं नाही, आजारी आहे. तो मला मळ्याच्या तोंडाशी उतरवून, आत न येता, वळून गेला. पुढे शेवंतीच्या वाफ्यांतून चालत गेले. चांगलं दुमजली घर, दारात मोटरसायकल, ओट्यावर पाठमोरी एक बाई हार ओवीत बसलेली. त्या सरूबाई. वय पासष्टच्या आसपास, कपाळ मोकळं. फुलबाजारात त्यांच्या टोपलीला हात लागल्याशिवाय भाव फुटत नाही असं नंतर ऐकलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. सुनेनं, छायानं, मला आतल्या खोलीत नेलं.

खोलीत खाटेवर सत्तरीचा एक माणूस. पायांना सूज, छातीत घरघर, डोळे मात्र स्वच्छ. आणि खाटेसमोरच्या भिंतीवर त्याच माणसाचा फोटो, वीस वर्षांनी तरुण, त्याला झेंडूचा ताजा हार, खाली निरांजन. मी उभी राहून एकदा फोटो पाहिला, एकदा खाट पाहिली. (सगुणाक्का, तुला ठाऊक आहे मी शकुनाबिकुनाला मानत नाही. पण चूक दिसली की मला ती दुरुस्त करावीशी वाटते, आणि यात कुठलं चूक ते ठरेना.) छायानं चहाची बशी आणली, आधी फोटोसमोर धरली, नमस्कार केला, आणि मग डोळे खाली ठेवून खाटेकडे सरकवली. इतक्यात म्हातारा खोकला. छायानं पटकन वर पाहिलं, खाटेकडे नव्हे, फोटोकडे.

ही काय भानगड ते मुलानं, ज्ञानेशनं, मला मळ्यात नेऊन सांगितलं. वडील पुंजाराम. एक्याऐंशी साली मुंबईला जाणाऱ्या फुलांच्या करंड्या गाडीत चढवायला नाशिक रोडला गेले ते परत आले नाहीत. बारा वर्षं वाट पाहिली. मग रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा केला, नारळाचं डोकं केलं, नदीकाठी अग्नी दिला, दहावं केलं. पिंडाला कावळा चटकन शिवला, म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सरूबाईंनी कुंकू पुसलं. आणि सात वर्षांनी, या वैशाखात, म्हातारा एक पिशवी घेऊन चालत ओट्यावर आला आणि पाणी मागितलं. इटारसीकडे कुठल्याशा रोपवाटिकेत होता म्हणे. का गेलात विचारलं तर एवढंच सांगतो: गाडी सुटली, उतरलो नाही.

आता आली का पंचाईत. पोटचा बाप दारातून हाकलता येत नाही, आणि ज्याचं दहावं केलं त्याला घरात घेता येत नाही. तेव्हा या लोकांनी मधला मार्ग काढला होता. घरात ठेवला, पण त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. हाक मारायची नाही. बोलायचं ते फोटोशी. ज्ञानेश बाजारातून आला की फोटोसमोर उभा राहून आज गुलाब बरा गेला वगैरे सांगायचा, आणि म्हातारा खाटेवरून मान हलवायचा. माझी नेमणूक फोटो आणि खाट या दोघांच्या मधे होती, हे मला तेव्हा कळलं. तक्त्यावरही नाव नव्हतं. 'पेशंट' एवढंच.

माझं काम मी चोख सुरू केलं. पहिले दोन दिवस नाडी बहात्तर, उत्तम, अशी नोंद केली. तिसऱ्या दिवशी आठवलं की नाडी अंगठ्यानं पाहायची नसते, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. म्हणजे दोन दिवस मी माझीच प्रकृती त्यांच्या तक्त्यात भरत होते. (हे सेवा केंद्रात कळलेलं नाही, कळवू नकोस.) मग तीन बोटांनी पाहायला बसले. भर दुपार, बाहेर रखरखीत ऊन, पंखा बंद, आणि त्या मनगटात काहीही लागेना. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. छाया दारात उभी होती. तिनं शांतपणे मान हलवली आणि म्हणाली, 'नसंलच.' म्हातारा हसला. मी बोटं जरा वर सरकवली. शेवटी लागली, अगदी खोल, विहिरीच्या तळाशी रहाट फिरावा तशी. पन्नास.

दुसरी अडचण कावळ्याची. बरोबर बारा वाजता खिडकीच्या गजावर एक कावळा यायचा. म्हाताऱ्याच्या ताटातला पहिला घास छाया गजावर ठेवायची आणि कावळा शिवला की मगच तो जेवायचा. आरोग्याच्या दृष्टीनं ही अत्यंत घाणेरडी सवय. मी एक्स-रेच्या पाकिटानं कावळ्याला हाकललं. त्या दिवशी म्हातारा जेवला नाही. रागानं नव्हे, घास गिळला जात नव्हता. दुसऱ्या दिवशी मी खिडकी बंद केली, तेव्हाही तेच. तिसऱ्या दिवशी (तुला खोटं कशाला सांगू) मी स्वतः खिडकी उघडून घास ठेवला.

त्याच दुपारी जेवताना तो माझ्याशी पहिल्यांदा सविस्तर बोलला. म्हणाला, तिकडे होतो तेव्हा गेली सात वर्षं दर भाद्रपदात एक दिवस भूक लागायची नाही. सकाळपासून पोट गच्च. जिभेवर वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, खीर, सगळ्यांची चव यायची. सोबतचे लोक म्हणायचे याला अपचन झालं. आणि मग छायाकडे न पाहता, सहज, तक्रार म्हणून नव्हे, तो बोलला की एका वर्षी तेवढी खीर खारट होती.

छायाच्या हातातलं पातेलं पडलं. हे एवढं मोठं का, ते तिनं मला मागच्या मोरीत रडत सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या पितृपक्षात घाईत तिनं खिरीत साखरेऐवजी मीठ घातलं होतं. सासऱ्यांच्या नावाचं पान वाढून गच्चीवर ठेवून आल्यावर तिनं बोट लावून पाहिलं, घाबरून सगळी खीर केळीच्या बुंध्यात ओतली आणि घरच्यांसाठी दुसरी केली. ती खारट खीर या जगात कुणीच खाल्ली नव्हती, फक्त त्या पानावरची सोडून. चार वर्षं तिनं हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

तोपर्यंत भावकीत काही जण म्हणत होते की हा पुंजाराम नव्हेच, कुणी तोतया आहे. खिरीची गोष्ट बाहेर गेली आणि तो संशय मिटला. पण त्यानं गोष्टी सुधारल्या नाहीत, बिघडल्या. तोतया असता तर निदान जिवंत तरी असता. आता घरात खात्रीनं मेलेला माणूस आहे असं झालं. वस्तीवरचे लोक देवाला वाहायला त्यांच्याकडची फुलं घेईनात. ओट्याशी सरूबाईंची सुई त्या दुपारी थांबलेली मी पाहिली होती. त्या उठल्या नाहीत, वळल्या नाहीत, पण हार तसाच अर्धा राहिला.

सरूबाई त्या खोलीचा उंबरा एकदाही ओलांडत नसत. बोलणं माझ्यामार्फत. म्हणावं, औषध घेतलं का. म्हणावं, उशाला आणखी एक उशी हवी का. तो आतून मला सांगायचा, सांगा, घेतलं. पाच पावलांवर दोघं, आणि मी पुन्हा आवक-जावक विभागात. एके दिवशी डॉक्टर तपासून गेले आणि ज्ञानेशला बाहेर नेऊन म्हणाले की हृदय थकलं आहे, महिना-दोन महिने धरा. म्हाताऱ्याला ते न सांगताच कळलं. त्यानं मला जवळ बोलावलं आणि सांगितलं, काही नको, फक्त तिनं एकदा नावानं हाक मारावी. इथं आल्यापासून मला कुणी हाक मारली नाही. असंच गेलो तर गेलो कोण, हे कुणाला कळायचं?

मी निरोप घेऊन ओट्यावर गेले. सरूबाईंनी सुईत नवा दोरा ओवला. मग दोऱ्याकडे पाहत म्हणाल्या, 'बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा. नवरा असला तर त्याचं नाव घेता येत नाय. मेलेला असला तर त्याला हाक मारू नाय, हाक मारली की तो येतो. मी कोणत्या तोंडानं नाव घिऊ?'

मी बी. ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतं. मी आत जाऊन त्याची उशी सारखी केली.

यावर उपाय म्हणून ज्ञानेशनं त्र्यंबकच्या बाजूचे एक गुरुजी आणले. त्यांनी पोथी पाहून सांगितलं की ज्याचा पुतळा जाळला तो परतला तर त्याला पुन्हा जन्म द्यावा लागतो. पाण्यातून काढायचा, जातकर्म करायचं, बारसं करायचं, आणि मग त्याच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. तेवढं केलं की सगळं जागच्या जागी. ज्ञानेशला हायसं वाटलं. लोक फुलं घेतील, बापाला बाप म्हणता येईल. मी ओट्याकडे पाहिलं. सरूबाईंनी तेव्हा तोंड उघडलं, पण मुलाशी नाही, माझ्याशी. म्हणाल्या, आधी बारा वर्षं कुंकू लावून वाट पाहिली. मग पुसलं, तेव्हा आठ दिवस हात कपाळाकडं जायचा आणि परत यायचा. आता पुन्हा लावायचं आणि डॉक्टर म्हणतोय महिन्याभरात पुन्हा पुसायचं. 'एका बाईनं एकाच माणसापायी किती वेळा रांडाव व्हायचं?'

ज्ञानेश रडला. तरी तारीख ठरली, २ जुलै, सकाळी नऊ. आणि जन्म द्यायचा तर सुईण हवी, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगुणाक्का, शिक्षणात मी चार बाळंतपणं पाहिली आहेत, त्यातल्या एका वेळी मी पडद्याच्या चुकीच्या बाजूला होते. स्वतंत्रपणे केलेलं माझं पहिलं बाळंतपण सत्तर वर्षांचं, अठ्ठावन्न किलोचं, आणि दाढी केलेलं.

भावकीतून मोठं तांब्याचं घंगाळ आणलं होतं. त्यात त्यांचे पाय मावले, उरलेले पुंजाराम बाहेर राहिले. शेवटी गुलाबाच्या जुड्या भिजवायचा निळा पिंप उभा चिरून खोलीत आडवा ठेवला. गुरुजींना तुपाचा अभिषेक हवा होता, मी एक चमचा मंजूर केला. पाणी कोमट, वेळ पाच मिनिटं, आधी आणि नंतर नाडी, नाही तर मी निघाले, असं सांगितलं. चार बायकांनी चहूबाजूंनी लुगडी धरली. म्हातारा गुडघे पोटाशी घेऊन, मुठी आवळून, डोळे मिटून त्या पाण्यात बसला. कुणी बोलत नव्हतं. बाहेर पाखरंही बोलत नव्हती (ते योगायोगानं, तरी नोंदवते). त्या लुगड्यांच्या लालसर उजेडात त्यांचा चेहरा कुणाचाच वाटेना. मी काखेत हात घालून ओढलं. खांदे निघाले, मग कंबर, मग ते सुजलेले पाय, आणि मी त्यांना पंच्यात गुंडाळून सतरंजीवर ठेवलं.

सगळे थांबले. गुरुजी थांबले. कशासाठी ते मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मूल रडलं नव्हतं. छातीही हलत नव्हती. शेजारच्या कलाबाई, वस्तीवरच्या जुन्या सुईण, पुढे आल्या आणि मूल रडलं नाही की करतात तसं कानाशी काशाची थाळी वाजवू लागल्या. एकदा, दोनदा, तीनदा. मी मनगट धरून बसले होते, पुन्हा तीच विहीर, आणि या वेळी तळ लागेना. सातव्या की आठव्या ठोक्याला त्यांनी एकदम श्वास ओढला आणि जो आवाज काढला तो म्हाताऱ्या माणसाचा नव्हता. मी तो आवाज प्रसूती वॉर्डात ऐकला आहे. नीट ऐकला आहे.

डोळे उघडून त्यांनी एकेकाकडे पाहिलं. ज्ञानेश पुढे झाला तेव्हा विचारलं, हा कोण? ज्ञानेशनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, थकवा आहे. (तशी नोंदही केली. खरं काय होतं ते मला आजही माहीत नाही.)

बारसं बाराव्या दिवशी व्हायचं, पण पेशंट बारा दिवस थांबेल याची हमी मी देईना, म्हणून लगेच उरकायचं ठरलं. कानात नाव सांगायला आत्या हवी. त्यांची बहीण कधीच वारली होती. पुन्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाकले. 'पुंजाराम' म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, 'ते नको. तो गेला. सरूनं त्याचं नीट केलंय सगळं. दुसरं कायतरी ठेवा.'

मी वाकलेलीच. मागच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालायला हात उगारून उभ्या. आदलं मूल दगावलेलं असलं की पुढच्याला दगडाधोंड्याचं, मातीमोलाचं नाव ठेवतात, म्हणजे यमाची नजर जात नाही, एवढंच मला त्या घाईत सुचलं. मी कानात म्हटलं, वाळू. मग सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, वाळू. धपाटे बसले (कलाबाईंचा हात अजून दुखतो, म्हणजे माझ्या पाठीत). ज्ञानेश गोंधळून म्हणाला, अहो, वडिलांचं नाव पुंजाराम आहे. मी म्हटलं, वडिलांचं असेल. हे बाळाचं आहे.

तेव्हा उंबऱ्याशी हालचाल झाली. सरूबाई उभ्या होत्या. मांडीवरची फुलं जमिनीवर सांडली होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या आत आल्या, सतरंजीपाशी आल्या, खाली वाकल्या. लग्नाला पन्नास वर्षं झालेली ती बाई आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाला नावानं हाक मारत होती.

'वाळू,' त्या म्हणाल्या. 'वाळू, भूक लागली का रे?'

तो म्हणाला, 'हा.'

मी नाडी मोजायला घेतली आणि मला मोजता आली नाही. त्याला कारण त्यांची नाडी नव्हे.

गुरुजी मागून म्हणाले की आता विवाहविधीची तयारी करू. सरूबाई ताट वाढत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, 'गुरुजी, आज जन्मलेल्या लेकराशी लगीन लावता का? लोक शेण घालतील तोंडात, तुमच्या आणि माझ्या.' गुरुजींनी पोथी पुन्हा उघडली, दोन पानं उलटली आणि मिटली. फोटो भिंतीवर तसाच आहे, हारही रोज बदलतो. पण आता खाटेवर कुणी खोकलं तर सगळे खाटेकडे पाहतात. वाळूला सगळे हाका मारतात, विनाकारण मारतात. सरूबाई तर ओट्यावरून दिवसातून वीस वेळा मारतात, एखाद्या गोष्टीची इतकी वर्षं मनाई असावी आणि ती अचानक उठावी तशी. तो प्रत्येक हाकेला ओ देतो. मला घरात वन्सं म्हणतात. मी सिस्टर म्हणा असं सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही.

असं आहे माझं नवं खूळ. काळजी करू नये. माझा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, हे तू जाणतेसच. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
प्रतिभा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. बारशाला आत्यानं झबलं-टोपडं आणायचं असतं, आणि कलाबाई रोज विचारतात. बाजारात या मापाचं मिळत नाही. तुझं शिलाई मशीन चालू असेल तर शिवून पाठव. डोक्याचा घेर साडेबावीस इंच, छाती छत्तीस. मऊ मलमल घे, शिवण उलट्या बाजूला नको, पाठीला टोचते. दुकानदारानं विचारलं तर बाळ अंगापिंडानं भरदार आहे असं सांग.

आणखी एक ता. क. शुक्रवारच्या आत पाठव, सटाण्याच्या एस.टी.नं कुणाच्या तरी हाती. कालपासून नाडी चाळीसच्या खाली आहे. सरूबाईंना मी सांगितलं, त्यांना ते आधीच ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि त्याच्यासाठी कुणाला कुंकू पुसावं लागत नाही. मग मला विहिरीजवळ घेऊन गेल्या. दसऱ्यासाठी सगळ्या मळ्यात झेंडू लावून झाला आहे. कडुलिंबाखालचा एक वाफा त्यांनी मोकळा सोडला आहे. लांबी मी पावलांनी मोजली, पुरेशी आहे.